पनवेलच्या नाक्यावरचा गार माल

1863 च्या आधी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस आधी होडीत बसे. खाडीच्या भरतीबरोबर तो पनवेलच्या बंदराला लागे आणि तिथून पुढे टांगा, बैलगाडी, नाहीतर पालखी करून खोपोलीवरून बोरघाट चढे. 1830 मध्ये, गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, घाटात चाकाची गाडी चालेल असा रस्ता झाला आणि पनवेलची भरभराट झाली. मीठ, भात, सुकी मासळी वर जाई, घाटावरचा माल खाली येई, आणि होडीतून गाडीत, गाडीतून होडीत तो चढवण्या-उतरवण्यावर गावाचं पोट चाले. गावाचा दुसरा नावाजलेला धंदाही याच रहदारीतून उभा राहिलेला: बैलगाडीची चाकं. ब्रिटिश गॅझेटियरकारांनी पनवेलचा मुख्य उद्योग म्हणून चाकांचीच नोंद केली आहे. 1852 मध्ये इथे नगरपालिका आली, तीही एवढी उलाढाल होती म्हणूनच.

मग 1863 मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागली. ती कल्याण-कर्जतवरून गेली आणि पनवेल बाजूला पडलं. ते पुन्हा मोठ्या वाटेवर यायला शंभर वर्षं लागली.

आज याच पनवेलच्या अवतीभवती, कळंबोलीच्या सर्कलला, पळस्पे फाट्याला, तळोज्याच्या एमआयडीसीत, पांढऱ्या बंद पेटीचे ट्रक उभे दिसतात. केबिनच्या डोक्यावर एक यंत्र घरघरत असतं. आत कोळंबी असेल, आइस्क्रीम असेल, वाटाणे असतील, बर्गरमधली टिक्की असेल. मालाची जात बदलली, वाहन बदललं, पण गावाचं काम तेच राहिलं: माल एका वाहनातून दुसऱ्या वाहनात जाण्याची जागा. गार मालाच्या व्यापारात नेमकी हीच जागा सगळ्यांत नाजूक. थंड माल सहसा वाटेत बिघडत नाही, तो बिघडतो हात बदलताना. गार मालाच्या व्यापाराचा इतिहास पनवेलच्या नाक्यावर उभं राहून जितका स्वच्छ दिसतो तितका मुंबईच्या किंवा पुण्याच्या बाजारातून दिसत नाही.

यंत्राच्या आधी या किनाऱ्याचं शीतगृह म्हणजे मीठ आणि ऊन. पनवेल, उरण, पेण हा सगळा मिठागरांचा पट्टा. समुद्राकाठी पकडलेली मासळी चार-सहा तासांच्या आत खाल्ली तर ताजी, नाहीतर ती वाळवायची किंवा खारवायची. बोंबील काठ्यांवर लटकत, जवळा अंगणात पसरला जाई, कोळंबीचे सोडे होत. घाटावरच्या माणसाला समुद्र माहीत होता तो याच वासानं. इंग्रज सरकारनं मिठावर कर बसवला तेव्हा हा धंदाच धोक्यात आला, इतका की रत्नागिरी-कारवारच्या किनाऱ्यावर सरकारला मासळी खारवण्याची खास आवारं उघडून तिथे सवलतीत मीठ द्यावं लागलं. आज सोडे आणि सुकट हौसेनं खाल्ले जातात, पण मुळात ती चैन नव्हती. मासळीला दुसऱ्या गावी पोचवण्याचा तेवढा एकच उपाय हाताशी होता.

गारवा विकत मिळू लागला तो आधी श्रीमंतांना, आणि तोही सातासमुद्रापलीकडून. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात दाबून, जहाजांतून उष्ण देशांना विकायचा उद्योग काढला होता. 1833 मध्ये त्याचं ‘टस्कनी’ नावाचं जहाज सुमारे 180 टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला शंभरेक टन शिल्लक होता. पुढच्याच वर्षी, 1834 मध्ये, मुंबईत बर्फ उतरला. चीनच्या व्यापारात गब्बर झालेले जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं. यजमान आणि पाहुणे, सगळ्यांना पडसं झालं, आणि ‘मुंबई समाचार’नं परदेशी पदार्थ खाल्ल्याची ही शिक्षाच असल्याचं सुनावलं. वर्तमानपत्रांना दुसऱ्याच्या ताटात डोकावायची सवय तेव्हापासूनची आहे.

मुंबईत गोदीजवळ बर्फ साठवायला खास इमारत बांधली गेली. जाड भिंती, भुशाचे थर, आत काळोख. एवढं करूनही बर्फ जहाजातून गाडीवर, गाडीवरून कोठीत, कोठीतून गिऱ्हाइकाच्या घरी जाताना पाणी होऊन वाहून जाई. ट्यूडरला बोस्टन ते कलकत्ता हा पल्ला जमला होता. बंदरापासून गिऱ्हाइकाच्या माडीपर्यंतचे दोन मैल मात्र तोट्याचे. या धंद्याचं हे दुखणं पहिल्या दिवसापासूनचं.

1870 च्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्यात यंत्रावर बर्फ निघू लागला आणि अमेरिकेचा बर्फ हळूहळू बंद झाला. किनाऱ्यावरच्या बंदरांत बर्फाचे कारखाने आले. आजही मासळीचा धंदा त्यांच्यावरच उभा आहे, म्हणून एकदा आत डोकावायला हवं. जमिनीत एक लांबरुंद टाकी असते, तिच्यात मिठाचं दाट पाणी. मीठ असल्यामुळे ते शून्याखाली आठ-दहा अंशांनाही गोठत नाही. त्या पाण्यात पत्र्याचे उंच डबे गोड्या पाण्यानं भरून उभे सोडलेले, वर लाकडी फळ्यांची झाकणं. कामगार त्याच फळ्यांवरून चालतात. अमोनियाच्या नळ्या खारं पाणी थंड करतात, खारं पाणी डबे थंड करतं. सव्वाशे-दीडशे किलोची लादी बाहेरून आत गोठत जाते, म्हणून तिच्या कडा काचेसारख्या आणि पोट पांढरट. डबा वर ओढून क्षणभर साध्या पाण्यात बुडवला की लादी सुटते. मग लोखंडी आकड्यानं ती ओढत क्रशरपाशी न्यायची. चुरा थेट बोटीत किंवा टेम्पोत जातो. मासळी खारवणारं मीठ अशा रीतीनं मासळी गार ठेवण्याच्याही कामी आलं.

उष्ण प्रदेशात मासळीच्या वजनाइतकाच बर्फ घालावा, असं मत्स्यशास्त्राचं सांगणं आहे. बाजारात ते पाळलं जातं असं म्हणणं धाडसाचं ठरेल. टेम्पोतल्या क्रेटमध्ये वरून चुरा भरपूर दिसतो, तळाशी मात्र मासळी आपल्याच पाण्यात पोहत असते. घाऊक बाजारात पहाटे क्रेट उतरले की मासळी ओतली जाते, निवडली जाते, बोली लागते, पुन्हा बर्फ मारला जातो आणि दुसऱ्या गाडीत चढते. पनवेलच्या उरण नाक्यावरच्या मासळी बाजारात येईपर्यंत लांबून आलेल्या सुरमईनं असे चार-पाच हात सहज पाहिलेले असतात. पापलेटाचे कल्ले उचलून बघणारी गृहिणी प्रत्यक्षात हेच हात मोजत असते.

दुधानं हा प्रश्न जास्त शहाणपणानं सोडवला. 1945 मध्ये मुंबई सरकारनं दूध योजना सुरू केली, तेव्हा दूध यायचं होतं गुजरातेतल्या आणंदहून, म्हणजे सुमारे सव्वाचारशे किलोमीटरवरून. शेतकऱ्यांनी 1946 मध्ये खेडा जिल्ह्याचा सहकारी संघ काढला आणि जून 1948 पासून संघानं या योजनेसाठी दूध तापवून, थंड करून पाठवायला सुरुवात केली. त्या संघाचं पुढे ‘अमूल’ झालं. कोल्हापूरचा दूध संघ, म्हणजे ‘गोकुळ’, 1963 चा. त्याचं दूध वाशीला येतं आणि तिथून पिशव्यांतून मुंबईत पसरतं. हे टँकर रात्री घाट उतरून कळंबोलीवरून जातात. विशेष म्हणजे दुधाच्या टँकरला बहुधा थंड करणारं यंत्र नसतंच. दूध गावाकडच्या केंद्रात चार अंशांपर्यंत थंड करायचं आणि दुहेरी भिंतीच्या स्टीलच्या टाकीत भरायचं. थर्मासमधल्या चहाचं जे तत्त्व तेच उलट्या बाजूनं. रात्रभराच्या प्रवासात ते एखाद-दोन अंशच चढतं. हात बदलतो तोही नळीतून, उघड्यावर नाही. दुधाची साखळी टिकली ती यामुळे.

जगात मात्र तोवर बरंच पुढचं घडलं होतं. 1882 मध्ये ‘डनिडिन’ या जहाजानं न्यूझीलंडचं गोठवलेलं मटण लंडनला सुखरूप पोचवलं. 1930 च्या दशकाच्या अखेरीस फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स या कृष्णवर्णीय अमेरिकी तंत्रज्ञानं हेलकावे सोसणारं, ट्रकवर बसवता येणारं शीतयंत्र तयार केलं. ‘थर्मो किंग’ कंपनी उभी राहिली ती त्या यंत्रावर. कळंबोलीत केबिनच्या डोक्यावर घरघरतं ते याच घराण्यातलं. 1956 मध्ये माल्कम मॅक्लीननं मालाच्या पेट्या ट्रकवरून उचलून थेट जहाजावर ठेवायला सुरुवात केली. पेटीतला माल न उघडता वाहन बदलायचं, ही कल्पना गार मालासाठी वरदान होती. पनवेलकरांना मात्र ती बघायला 1989 उजाडावं लागलं.

दरम्यान पनवेलची वाट पुन्हा वाहती होत होती. 1960 च्या दशकात दिव्याहून रेल्वे आली. 1973 मध्ये वाशीच्या खाडीवर पूल झाला आणि मुंबईच्या ट्रकांना ठाण्याचा वळसा घालायची गरज उरली नाही. सिडकोनं नवी मुंबई वसवली, तळोज्यात एमआयडीसी आली. मुंबईचा भाजीपाल्याचा आणि फळांचा घाऊक बाजार 1990 च्या दशकात वाशीला हलला. आणि मे 1989 मध्ये शेजारच्या उरण तालुक्यात न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. गारवा लागणारा माल पिकवणारा घाट, तो खाणारी मुंबई आणि तो परदेशी नेणारी जहाजं, या तिघांच्या मधोमध पनवेल आलं.

तळोज्यात मासळी गोठवून परदेशी पाठवणारे कारखाने आले. भारतातून गोठवलेली कोळंबी पहिल्यांदा 1953 मध्ये कोचीनहून अमेरिकेला गेली, महाराष्ट्र त्या धंद्यात मागाहून उतरला. कोळंबी सोलून, निवडून, ट्रेमध्ये पाण्यासकट मांडतात आणि उणे 40 अंशांच्या आसपास दोन तासांत तिची वीट करतात. घाई महत्त्वाची. हळू गोठवलं तर पेशींमध्ये बर्फाचे मोठे स्फटिक होतात, ते पेशी फाडतात आणि वितळल्यावर कोळंबीचा लगदा होतो. झटपट गोठवलं तर स्फटिक बारीक राहतात. मग विटेला पाण्याचा पातळ थर चढवतात, म्हणजे कोळंबी सुकत नाही. या शेडमध्ये हात बधिर करणाऱ्या पाण्यात दिवसभर कोळंबी सोलतात त्या बहुतेक बायका. निर्यातीच्या आकडेवारीत त्यांची ओळ कधी येत नाही.

ऑगस्ट 1997 मध्ये युरोपीय संघानं स्वच्छतेच्या कारणावरून भारतीय मासळीवर बंदी घातली. ती काही महिन्यांतच सैल झाली, पण तेवढ्यात निर्यातदारांची पळापळ झाली. फरशा, पाणी, कामगारांचे हात धुणं, प्रत्येक टप्प्याच्या तापमानाची वही, सगळं नव्यानं उभं राहिलं. ज्यांना परवडलं ते टिकले. आपल्या गिऱ्हाइकासाठी जी शिस्त पन्नास वर्षांत आली नाही ती परक्या गिऱ्हाइकाच्या एका नकारानं आली, हे कबूल केलेलं बरं.

देशी बाजारात शहराहून शहराकडे गोठवलेला माल शिस्तीत नेण्याचा पहिला मोठा धडा मात्र आला बर्गरमधून. मॅकडोनाल्ड्सचं पहिलं दुकान भारतात ऑक्टोबर 1996 मध्ये दिल्लीत उघडलं, पाठोपाठ मुंबईत. दुकान उघडण्याआधी कंपनीनं सहा वर्षं पुरवठादार जमवण्यात घालवली. बर्गरमध्ये घालायचं आइसबर्ग लेट्यूस पुण्याजवळच्या तळेगावात ‘त्रिकाया अ‍ॅग्रिकल्चर’च्या शेतावर पिकलं. चीज बारामतीच्या ‘डायनॅमिक्स डेअरी’तून आलं. आणि टिक्की तयार झाली तळोज्यात, ‘व्हिस्टा प्रोसेस्ड फूड्स’च्या कारखान्यात. आलू टिक्की म्हणजे उत्तर भारतातल्या गाड्यांवरचा पदार्थ. तो पनवेल तालुक्यात तळून, गोठवून, परत दिल्लीकडे जाऊ लागला.

या साखळीतलं लेट्यूस बघण्यासारखं आहे. पान कापलं तरी ते श्वास घेत राहतं आणि स्वतःची उष्णता तयार करतं. म्हणून शेतातून निघताच आधी त्याच्यातली उन्हाची ऊब काढायची, मगच ते गार गाडीत चढवायचं. ट्रकवरचं यंत्र माल थंड करायला नसतंच, थंड केलेला माल थंड ठेवण्यापुरतंच ते असतं. आपल्याकडचे कित्येक व्यापारी अजूनही कोमट भाजी रीफरमध्ये, म्हणजे अशा गार गाडीत, भरतात आणि कुजली की गाडीवाल्याला शिव्या देतात. ‘स्नोमॅन’सारख्या कंपन्यांनी पुढे तळोज्यात मोठी शीतगोदामं उभारली. तिथे ट्रकची पाठ गोदामाच्या दाराला फुगीर रबरी गादीसकट चिकटते. बाहेर पनवेलचा मे महिना असला तरी पेटी एका थंडीतून दुसऱ्या थंडीत सरकते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पूर्ण झाला आणि या सगळ्याला वेग आला.

द्राक्षांची गोष्ट वेगळी, कारण तिथे शेतकरी स्वतः उतरला. 1991 मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून ‘महाग्रेप्स’ स्थापन केली. द्राक्षं सकाळी तोडायची, काही तासांत पूर्वशीतकरण करायचं, पेटीत गंधकाचा कागद ठेवायचा, शून्य अंशाच्या जवळ कंटेनर बंद करायचा आणि युरोपला तो तीन-चार आठवड्यांनी उघडायचा. मधल्या काळात त्याला वीज हवीच. रस्त्यावर ती जनरेटरमधून मिळते, बंदराच्या आवारात प्लगमधून, जहाजावर पुन्हा प्लगमधून. प्रत्येक बदलात काही काळ कंटेनर विजेवाचून असतो. उरण रस्त्यावर ट्रकांची रांग लागली की ही मिनिटं तास होतात. पेटीत एक छोटं नोंदयंत्र असतं. रॉटरडॅमच्या खरेदीदारानं ते उघडलं की कोणत्या रात्री किती वाजता तापमान चढलं ते आलेखात दिसतं, आणि भांडणाला तिथून सुरुवात होते.

हापूसनं तर थंडीलाच जुमानलं नाही. पुण्याच्या गणेशखिंडीत जी. एस. चीमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1930 च्या दशकातच आंब्याच्या शीतसाठवणीचे प्रयोग केले होते. 1932 आणि 1933 मध्ये आंबा युरोपला पाठवूनही पाहिला होता. दहा-बारा अंशांखाली फार दिवस ठेवला की आंब्याच्या सालीवर डाग पडतात आणि तो नीट पिकतच नाही. म्हणजे द्राक्षाला जी थंडी मानवते ती हापूसला मारते. दोन्ही एका गाडीत भरायची तर एकाचा बळी ठरलेला. बहुतेक आंबा म्हणूनच आजही गवतात, लाकडी पेटीत, रात्रीच्या ट्रकनं पळस्प्यावरून वाशीला जातो. त्याची घाई हेच त्याचं शीतगृह.

कोकण रेल्वेनं 26 जानेवारी 1999 रोजी कोलाड ते वेर्णा ‘रो-रो’ सेवा सुरू केली. भरलेला ट्रकच रेल्वेच्या वाघिणीवर चढवायचा आणि गोव्यात उतरवायचा. माल कुणी उघडत नाही, उतरवत नाही. ज्या प्रदेशात होडी ते गाडी, गाडी ते होडी असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं, तिथे हा साधा उपाय सुचायला इतका उशीर लागला.

देशाचं चित्र 2015 च्या एका सरकारी पाहणीत उघडं पडलं. राष्ट्रीय शीतसाखळी विकास केंद्राच्या त्या अहवालानुसार शीतगोदामांची गरज साडेतीन कोटी टनांची होती आणि जवळपास 3.2 कोटी टन क्षमता उभी होती. त्यातलं बरंचसं बटाट्यासाठी, ते सोडा. रीफर वाहनं मात्र 62 हजारांच्या आसपास हवी असताना दहा हजारही नव्हती. आणि शेताजवळची, माल थंड करून भरणारी पॅकहाउसं सत्तर हजार हवी असताना होती अवघी 249. थोडक्यात, अनुदान घेऊन गोदामं बांधली गेली. इमारतीची कोनशिला बसवता येते, फीत कापता येते. माल हातातून हातात नेणाऱ्या दुव्यांकडे कुणी पाहिलं नाही.

तळोज्याच्या हिशेबात आणखी एक नोंद हवी. ज्या वसाहतीत युरोपच्या ताटासाठी कोळंबी काटेकोर स्वच्छतेत गोठते, तिच्याच कडेनं कासाडी नदी वाहते. रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्यानं ती बिघडली. ऑगस्ट 2017 मध्ये तिच्या आसपासची भटकी कुत्री निळी झालेली दिसली आणि फोटो जगभर गेले. इथल्या कोळ्यांनी त्याच्याही आधीपासून खाडीतली मासळी संपत चालल्याची तक्रार चालवली होती, आणि प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. दूरची मासळी गोठवून टिकवण्याची कला इथे आली आणि दारची मासळी गेली. हे नुकसान कुठल्याच शीतसाखळीच्या अहवालात मोजलेलं नाही.

आता जानेवारी 2024 पासून शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू सुरू आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये पनवेलच्या वेशीवरच्या नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. होडी, बैलगाडी, रेल्वे, ट्रक, कंटेनर यांच्या जोडीला विमानही आलं, म्हणजे हात बदलण्याची आणखी एक जागा वाढली.

साखळीचा शेवटचा दुवा दुकानातल्या फ्रीजरपाशी असतो आणि तो वाचकाच्या हातात आहे. गोठवलेल्या वाटाण्याचं पाकीट उचललं की आधी हलवून पाहा. दाणे सुटे खुळखुळले तर माल नीट आला आहे. आत एकसंध ढेकूळ लागलं, पाकिटात बर्फाचा चुरा साठलेला दिसला, तर तो बहुधा वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठला आहे. असं पाकीट घेऊ नका, आणि गुपचूप परत न ठेवता दुकानदाराला तसं सांगा.